तुम्ही स्टेपनीत आहात का?

वेल्समधल्या न्यूपोर्टच्या थोडं अलीकडे गाडी पंक्चर झाली. ब्रिस्टलहून कार्डिफला निघालो होतो, भाच्याला भेटायला. भाड्याची गाडी, शेजारी बायको, मागच्या सीटवर बहिणीने पाठवलेला चकलीचा डबा. कॉफीसाठी हमरस्ता सोडून आत वळलो आणि मागचं डावं चाक फदफदायला लागलं. उतरून पाहिलं तर टायर पार जमिनीला टेकलेला. डिकी उघडली, खालचं कार्पेट उचललं. चाकाच्या जागी थर्मोकोलचा खोलगट साचा, त्यात एक बाटली आणि हातभर वायरचा छोटा पंप. बाटलीवरच्या सूचना वाचून टायरमध्ये काय ते ओतलं, ते दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. भोक मोठं होतं.

मदतीच्या नंबरवर फोन लावला. शक्य तितक्या स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "गाडी पंक्चर आहे आणि स्टेपनी नाहीये."

"तुम्ही स्टेपनीत आहात का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"नाही. स्टेपनी नाहीच आहे. मी न्यूपोर्टजवळ आहे."

"बरं. मग गाडी स्टेपनीत आहे?"

"गाडी माझ्याजवळ आहे. स्टेपनी गाडीत नाही."

पलीकडे थोडी शांतता. मग बाईंनी अतिशय मृदू आवाजात विचारलं की गाडीत आणखी कुणी मोठं माणूस आहे का. बायकोने फोन माझ्या हातातून घेतला, "स्पेअर व्हील" एवढे दोनच शब्द उच्चारले आणि आमचा पत्ता सांगितला. पाऊण तासाने व्हॅन आली. व्हॅनमधला पोरगा हसतमुख होता. स्टेपनी म्हणजे पूर्व लंडन, तिथे स्टेपनी ग्रीन नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे आणि ते इथून सव्वादोनशे किलोमीटर लांब आहे, एवढं त्याने मला समजावलं. चाकाला कुणी स्टेपनी म्हणतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

म्हणजे ज्या शब्दाला मी जन्मभर इंग्रजी समजत होतो, तो इंग्रजी बोलणाऱ्याच्या घरात ओळखलाच गेला नाही. खरी गंमत मला परत आल्यावर कळली. जिथे आम्ही चकल्या खात व्हॅनची वाट पाहत बसलो होतो, तिथून त्याच रस्त्याने पश्चिमेला सव्वा-दीड तास गेलं असतं तर लानेल्ली लागलं असतं. या शब्दाचं चाक झालं ते त्या गावात.

लानेल्ली असं आपण लिहायचं म्हणून लिहायचं. वेल्श लोकांच्या तोंडी तिथे जे दोन 'ल' आहेत ते आपल्या लिपीत बसत नाहीत. जीभ 'ल' म्हणायला टाळूला लावायची आणि दोन्ही कडांनी नुसती फुंकर सोडायची. आपल्याला 'ळ' चा अभिमान असतो, 'ळ' म्हणता न येणाऱ्याला आपण हसतो. तसे ते लोक आपल्याला हसत असणार. गाव पत्र्याचं. लोखंडी पत्र्याला कथिलाचा मुलामा देण्याचे इतके कारखाने तिथे होते की गावाला टिनोपोलिस असं टोपणनाव पडलं होतं. त्या गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर टॉमस मॉरिस डेव्हिस आणि त्याचा भाऊ वॉल्टर यांचा कारखाना होता. १९०४ साली त्यांनी एक युक्ती काढली.

ती युक्ती समजायला त्या काळची मोटार डोळ्यांसमोर आणावी लागते. चाकं बहुधा लाकडी आऱ्यांची, बैलगाडीच्या चाकाची धाकटी बहीण शोभतील अशी, आणि ती आसावर कायमची बसवलेली. चार नट काढले की चाक हातात, ही सोय नव्हती. टायर मात्र हवेचा. डनलॉपने त्याचं पेटंट १८८८ मध्ये घेतलं होतं. आणि रस्ते घोड्यांचे. घोड्यांच्या नालांचे गळून पडलेले खिळे सगळीकडे विखुरलेले. त्यामुळे पंक्चर ही अधूनमधून घडणारी गोष्ट नसून प्रवासाचाच भाग होती. प्रत्येक वेळी रस्त्याच्या कडेला बसून टायर उचकटायचा, आतली ट्यूब ओढून काढायची, भोक शोधायचं, ठिगळ लावायचं, सगळं परत कोंबायचं आणि हातपंपाने हवा भरायची. हे पावसात, अंधारात, कोट-टोपी घालून.

डेव्हिस बंधूंनी चाकाला हातच लावला नाही. त्यांनी आरे नसलेलं एक लोखंडी कडं केलं, त्यावर हवा भरलेला टायर चढवला आणि ते कडं बसलेल्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला पकडींनी आवळायची सोय केली. जखमी चाक जागच्या जागी राही, आणि शेजारचं कडं गाडीचा भार घेऊन तिला घरी नेई. म्हणजे मूळची स्टेपनी ही बदली नव्हती, जोड होती. एक बैल लंगडला तर त्याला सोडून दुसरा जुंपायचा, हे आजचं. त्या कड्याचं काम लंगड्याच्या खांद्याखाली हात घालून चालवणाऱ्या माणसाचं होतं. रस्त्याचं नाव कंपनीला मिळालं, कंपनीचं कड्याला. ब्रिटनखेरीज फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, इटली इथेही ते विकलं गेलं, आणि माल साम्राज्यभर गेला.

पण वेल्समधल्या पत्र्याच्या गावात स्टेपनी नावाचा रस्ता का? तर तिथल्या जमीनदारांचं ते आडनाव. सोळाव्या शतकात आल्बन स्टेपनी नावाचा एक इंग्रज सेंट डेव्हिड्सच्या धर्मपीठात अधिकारी म्हणून पश्चिम वेल्सला आला आणि तिथेच रुजला. पुढे वॉन घराण्याशी सोयरीक होऊन लानेल्लीची मालमत्ता या घराण्याकडे आली. त्यांचा १७१४ चा वाडा तिथे अजून उभा आहे. आडनाव मात्र लंडनच्या त्या पूर्व भागावरूनच पडलेलं, जिथे फोनवरच्या बाई मला शोधत होत्या. आपल्याकडे गावाला कर लागून आडनाव होतं, तिकडे नुसतं गावच आडनाव होतं.

आणि त्या गावाचं नाव तर हजार वर्षं मागे जातं. साधारण १००० सालाच्या कागदात ते 'स्टिबनहाइथ' असं काहीसं दिसतं. स्टिब्बा हा कुणी माणूस, आणि हाइथ म्हणजे होडी लावायची जागा, धक्का. स्टिब्बाचा धक्का. हा स्टिब्बा कोण, कोळी की सावकार, कुणास ठाऊक. थेम्सच्या काठी त्याची होडी लागत होती एवढंच त्याच्याबद्दल उरलंय. तो सगळा भाग पुढे लंडनची गोदी झाला. समुद्रावर जन्मलेलं मूल स्टेपनीच्या चर्चच्या हद्दीतलं धरायचं, अशी एक जुनी समजूत होती. बोटीवरच्या कुणालाही कुठलं तरी गाव हवं ना! याच गोदीच्या आसऱ्याने आपलेही लोक राहून गेले. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी असत. त्यांना नि इतर आशियाई दर्यावर्दींना उतरायला जागा हवी म्हणून १८५७ मध्ये लाइमहाऊसला एक मोठं वसतिगृह उघडलं होतं. लाइमहाऊस म्हणजे स्टेपनीला खेटूनच. म्हणजे स्टेपनी हा शब्द चाक होऊन मुंबईला येण्याच्या अर्धशतक आधी एखादा रत्नागिरीकर त्या गल्ल्यांतून हिंडून आला असणार. त्याने घरी येऊन काय सांगितलं असेल? असो.

ब्रिटनमध्ये या शब्दाचं आयुष्य लहान ठरलं. आसावरून अख्खं चाक काढता येईल अशी रचना पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे सरसकट झाली, गाड्या पाचवं चाक घेऊनच कारखान्यातून निघायला लागल्या आणि पकडींचं कडं अडगळीत गेलं. त्यांनी वस्तू टाकली आणि तिच्याबरोबर शब्दही टाकला. नव्या चाकाला त्यांनी साधं 'स्पेअर' म्हटलं. पुढे पोटावर सुटलेल्या वळीलाही ते 'स्पेअर टायर' म्हणायला लागले, यात मला त्यांची थोडी विनोदबुद्धी दिसते. आपल्याकडे वस्तू बदलली तरी शब्द तोच राहिला. कड्याचं चाक झालं, लाकडी आऱ्यांची लोखंडी डिस्क झाली, मग अलॉय आलं. ड्रायव्हर म्हणत राहिला, स्टेपनी काढ. बांगलादेशात हेच, माल्टाच्या बेटावर हेच. ब्राझीलमध्ये तर 'एस्टेपे' हा पोर्तुगीज कोशातला रीतसर शब्द आहे.

तो 'एस्टेपे' मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला माझा काका ऐकू आला. पोर्तुगीज जिभेला सुरुवातीचा 'स्ट' जड जातो, म्हणून ती आधी एक स्वर टेकू म्हणून लावते. काकाही 'इष्टेपनी' म्हणतो. त्याची इष्टेपनी, इष्टो आणि इष्टेशन. साओ पावलोचा टॅक्सीवाला आणि पाटण तालुक्यातला वडापवाला एकाच खड्ड्याला एकाच तऱ्हेने वळसा घालतात.

काकाची जीप कराड-पाटण वडाप करायची. सातारा-सांगलीबाहेरच्यांना सांगायला हवं: वडाप म्हणजे माणसं भरभरून नेणारी खाजगी जीप, जिला वेळापत्रक नसतं आणि जी कधीच 'भरली' नसते. जीपच्या मागच्या दोन बाकांच्या मधे, पाय ठेवायच्या जागेत, स्टेपनी आडवी टाकलेली असे. तिच्यावर पोतं. ती माझी जागा. दर मे महिन्यात मी काकाकडे जायचो आणि दिवसभर त्या टायरवर बसून कराड-पाटण फेऱ्या मारायचो. माझं तिकीट नव्हतं आणि गाडी भरली की मला उठवून तिथे एखाद्या म्हातारीला बसवायचे. काकाचा क्लीनर, ज्याला सगळे किन्नर म्हणत, त्यानेच मला 'इष्टेपनी' नाव ठेवलं. "इष्टेपनी, उतर खाली." पाटणच्या स्टँडवर अजून दोन-तीन माणसं मला तेवढ्याच नावाने ओळखतात.

मल्हारपेठेच्या जरा पुढे एकदा चाक बसलं. जूनचा पहिला पाऊस, अठरा माणसं आणि दोन शेरडं. काका गडबडला नाही. आधी सगळ्यांना खाली उतरवलं. मला म्हणाला, "पुढल्या चाकाला धोंडा लाव, दोन्ही बाजूंनी." मग पान्याने नट निम्मे ढिले केले, चाक जमिनीवर असतानाच, उचलल्यावर चाक नुसतं फिरतं आणि नट सुटत नाही, हे त्याने मला त्या दिवशी शिकवलं. एक नट सुटेना. त्याने पान्याच्या दांड्यावर पाय दिला आणि अख्खा त्याच्यावर उभा राहिला. कर्र झालं. चिखलात जॅक रुतू नये म्हणून त्याखाली चपटा दगड. स्टेपनी बसवताना नट समोरासमोरचे आवळत गेला, एक इकडचा की एक तिकडचा. जुनं चाक पोत्यावर टाकलं आणि मला म्हणाला, "बस." मी ओल्या, गरम, रबराचा वास येणाऱ्या टायरवर बसलो. आता स्टेपनी ती होती जी मघाशी चाक होती. आठ वर्षांच्या पोराला त्याचं फार नवल वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर अजून वाटतं. पाचही चाकं सारखीच असतात, ज्याची पाळी नाही ती स्टेपनी.

पाटणला पोचल्यावर तो पहिल्यांदा पंक्चरवाल्याकडे गेला. चहा नंतर. "हिच्यात हवा नसली तर आपुन वझं वाहतोय नुसतं." पंक्चरवाल्याने ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यात बुडवली, वीतवीत सरकवत नेली, एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली, तिथे त्याने काडी खुपसली. कानशीने घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारली. आपण मराठीत पंक्चर 'काढतो', हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. काटा काढावा तसं. इंग्रजीत पंक्चर दुरुस्त करतात. आपल्या पाट्यांवर 'येथे पंक्चर काढून मिळेल' असतं आणि ते मला जास्त अचूक वाटतं.

एकदा हा नाद लागला की गाडीभर असे शब्द सापडतात. स्टेपनी राहते त्या डिकीचंच बघा. घोडागाडीच्या मागे नोकराला बसायला जी उघडी बैठक असे ती डिकी; जुन्या मोटारींना मागे उघडमिट होणारी सीट असे, तिलाही डिकी म्हणत. सीट गेली, झाकण राहिलं, आपण झाकणाखालच्या पोकळीला डिकी म्हणतो. तिकडे आता त्याला बूट म्हणतात. घरात आलात तर रॉकेल: रॉक ऑइल, म्हणजे खडकातलं तेल. पेन्सिल्व्हेनियातल्या पहिल्या तेल कंपनीच्या नावात १८५० च्या दशकात हेच शब्द होते. त्यालाच आमची आजी घासलेट म्हणे, म्हणजे गॅसलाइट. एका डब्यात दोन मेलेले इंग्रजी शब्द घेऊन ती रेशनच्या रांगेत उभी राहायची. शब्द मेले होते ते तिकडे, तिला काय त्याचं.

चाकावरून माणसावर हा शब्द आपल्याकडे केव्हा आला सांगता येत नाही, पण आला तो वेगवेगळ्या वाटांनी. गल्ली क्रिकेटमध्ये बारावा पोरगा स्टेपनी. दोघांच्या मागे मागे फिरणारा तिसरा मित्र स्टेपनी. आणि नाक्यावरच्या पुरुषांच्या हसण्यात, बायकोखेरीज ठेवलेली बाई म्हणजे स्टेपनी. ईकारान्त असल्याने मराठीत हा शब्द आपसूक स्त्रीलिंगी झाला आणि त्या विनोदाला आयती सोय झाली. मला तो विनोद कधी आवडला नाही. तो करणाऱ्याने आयुष्यात एकदाही चिखलात बसून चाक बदललेलं नसतं, असं माझं निरीक्षण आहे. काकाच्या तोंडी तो अर्थ मी ऐकला नाही. तो स्टेपनीबद्दल बोलायचा ते घरातल्या कर्त्या बाईबद्दल बोलावं तसं: तिचं बघितलं पाहिजे, तिला विसरून चालत नाही.

मी स्वतः सहा वर्षं स्टेपनी होतो. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचो. तासाला ठरलेले पैसे, ते मार्चनंतर कधीतरी एकदम. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. कायम नेमणुकीवरचे प्राध्यापक रजेवर गेले की त्यांचे वर्ग माझ्याकडे. स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सरांनी एकदा चहा देताना माझी ओळख पाहुण्यांना करून दिली, "हे आमची स्टेपनी." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मीही हसलो. नंतर वर्गात जाऊन केशवसुत शिकवले, बरे शिकवले असावेत, कारण घंटा झालेली कुणाला कळली नाही. घरी येताना मात्र मल्हारपेठेची आठवण आली आणि वाटलं, पाळी म्हणतात ती इथे कधी येतच नाही. सहा वर्षांनी मी भाषांतराच्या धंद्यात शिरलो. तिथे निदान बिल मी लावतो.

आता तर चाकच चाललंय. २०२० मध्ये आपल्याकडे मोटार वाहन नियमांत बदल झाला: साडेतीन टनांपर्यंतच्या, चालक धरून नऊ आसनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर जादा चाक देण्याची सक्ती नाही. कारणं पटण्यासारखी आहेत. वजन वाचतं, जागा होते, विजेच्या गाडीत तिथे बॅटरीला वाव मिळतो. ज्यांना चाक मिळतं त्यांनाही बरेचदा बारीक चणीचं मिळतं, ताशी ऐंशीच्या वर जाऊ नका असं स्टिकर लावलेलं. शोरूममधला पोरगा त्याला 'टेम्पररी स्पेअर' म्हणाला. शेजारी उभे असलेले आजोबा म्हणाले, "म्हणजे स्टेपनीच ना? मग ती आजारी का दिसतेय?"

मी गेल्या वर्षी घेतलेल्या गाडीत तीही नाही. गाडी दाखवायला काकाकडे गेलो. गुडघ्यांमुळे तो आता जीप चालवत नाही. जीपही राहिली नाही. त्याने भोवती एक फेरी मारली, टायरला बोटाने टकटक केलं, बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही आणि सरळ डिकी उघडायला सांगितली. कार्पेट उचललं. तसलाच साचा, बाटली, पंप.

"इष्टेपनी?"

"नाहीये, काका. नवीन गाड्यांना देत नाहीत."

त्याने बाटली उचलून हलवली, उजेडात धरली, औषधाच्या बाटलीवरची मुदत बघावी तशी पाहिली.

"आन् रात्रीचं घाटात?"

"फोन करायचा."

"कुनाला?"

न्यूपोर्टची हकिकत त्याला सांगितली. फोनवरच्या बाईंचे प्रश्न मी तिच्या आवाजात करून दाखवले. तो इतका हसला की काकू बाहेर आली. मग त्याने तो साचा दोन्ही हातांनी उचकटून बाहेर काढला, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि खाली उरलेल्या गोल पत्र्याच्या खळग्यात हात फिरवला. जागा चाकाएवढीच होती. कंपनीने खळगा तसाच ठेवला होता. वरच्या मॉडेलला चाक देत असतील, किंवा साचा बदलायचा खर्च नको असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडतोय तोवर काकूचा फोन आला. पोचलास का, चहा घेतलास का, सगळं झालं. मग म्हणाली, "आरं, शेंगा ठेवल्यात बघ भुईमुगाच्या, पायलीभर. आन् काकानं गुळाची ढेप दिलीया. इसरशील म्हनून सांगते."

"कुठे ठेवल्यात? मला डिकीत काही दिसलं नाही."

"वर नव्हं. खाली. इष्टेपनीत."